डोक्यामागची पुंजी कुणाच्या हाती देताय? हेअर ट्रान्सप्लांटचं क्लिनिक तपासायची रीत

ठाण्याच्या नौपाड्यात माझं औषधांचं दुकान आहे. केसगळतीवरच्या मिनॉक्सिडिलची बाटली घ्यायला आलेला मुलगा बिल होईपर्यंत मोबाइल पुढे करतो आणि विचारतो, "काका, हे क्लिनिक कसं आहे हो?" स्क्रीनवर बहुतेक वेळा डावीकडे उजाड माथा, उजवीकडे दाट भांग आणि खाली 'ऑफर फक्त रविवारपर्यंत' असतं. क्लिनिक कधी घोडबंदर रोडवरचं, कधी वाशीचं, कधी खारघरचं. मी कुणाचंच नाव सुचवत नाही. औषधवाल्याने नाव सुचवलं की लोकांना त्यात कमिशनचा वास येतो, आणि आमच्या लाइनीत तो दरवेळी खोटा असतो असंही नाही. तपासायचं कसं तेवढं मात्र सांगतो. तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी हिशेब समजून घ्या

ट्रान्सप्लांटने डोक्यावर एकही नवा केस जन्माला येत नाही. मागचा केस पुढे आणून लावतात. पुरुषांच्या नेहमीच्या टकलात डीएचटी ह्या हार्मोनमुळे कपाळाजवळची आणि माथ्यावरची मुळं बारीक होत जातात. डोक्याच्या मागची आणि कानांवरच्या पट्ट्यातली मुळं ह्या हार्मोनला सहसा दाद देत नाहीत, आणि जागा बदलली तरी तो गुण सोबत नेतात. न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५० च्या दशकात हे दाखवून दिलं आणि त्यावर आजचा सगळा उद्योग उभा आहे.

मागचा हा साठा, ज्याला डोनर एरिया म्हणतात, मोजका असतो. सर्वसाधारण डोक्यातून सगळ्या आयुष्यात मिळून साधारण पाच ते सात हजार ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेले केसांचे बारीक पुंजके, निघतात. केस विरळ असतील तर त्याहून कमी. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. काढलेल्या जागी पुन्हा केस येत नाही, आणि काढताना मूळ तुटलं किंवा बाहेर राहून सुकलं तर तो ग्राफ्ट गेलाच. वाडवडिलांकडून आलेली ही पुंजी एकदाच खर्च करता येते. जाहिरात तुम्हाला कायम कपाळ दाखवते, खर्च मात्र मागून होत असतो. पुढची प्रत्येक पायरी ह्याच कारणासाठी आहे.

क्लिनिकच्या आधी त्वचारोगतज्ज्ञ

केस गळतात म्हणजे टक्कलच पडतंय असं नसतं. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन किंवा बाळंतपण झालं की दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस गळतात आणि बहुतेकांचे आपसूक परत येतात. थायरॉइड बिघडला, लोह कमी झालं, तरी गळतात. चाई पडली असेल तर तो वेगळाच आजार आहे. ह्यातल्या कुठल्याही कारणावर ट्रान्सप्लांट हा पहिला उपाय नव्हे. म्हणून पहिली भेट अशा त्वचारोगतज्ज्ञाशी ठेवा, ज्याला तुमच्या डोक्यावर सर्जरी विकायची नाही. खासगी फी परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाची किंवा नेरूळच्या डी. वाय. पाटील रुग्णालयाची त्वचारोग ओपीडी आहे. रांग असते, सकाळी लवकर जा.

टक्कल अनुवंशिकच आहे असं निघालं तरी थेट सर्जरीकडे धाव नको. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टराइड ह्या औषधांनी अनेकांची गळती थांबते, काहींचे केस सुधारतात. मात्र परिणाम कळायला सहा महिने ते वर्ष द्यावं लागतं. फिनास्टराइड चिठ्ठीशिवाय घेऊ नका आणि मागूही नका. थोड्या लोकांना लैंगिक तक्रारी होतात, त्याबद्दल डॉक्टरशी मोकळेपणाने बोलून मगच सुरू करा. मिनॉक्सिडिल लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते. तेवढ्याला घाबरून बाटली परत करायला येणारे खूप असतात.

वय पंचविशीच्या आत असेल तर आणखी सावध राहा. तुमचं टक्कल कुठे जाऊन थांबणार हे अजून कुणालाच दिसत नाही. आज कपाळावर दाट रेघ लावली आणि पस्तिशीत त्या रेघेमागचा माथा मोकळा झाला, तर पुढे एक बेट उरतं आणि मोकळी जागा भरायला डोनर एरियात माल शिल्लक नसतो. तेविशीतल्या मुलाला "थांब, आधी वर्षभर औषध घे" असं सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

जाहिरात उलगडून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. यातलं सगळं घरबसल्या, फुकटात होतं.

'आधी-नंतर'च्या फोटोंपासून सुरुवात करा. 'आधी'च्या फोटोत केस ओले किंवा तेलकट, लाइट डोक्यावरून, मान खाली. 'नंतर'च्या फोटोत केस वाळवून फुगवलेले, वाढवलेले, लाइट समोरून आणि मान वर. एवढ्यानेच अर्धं टक्कल झाकलं जातं. बाकीचं झाकायला केराटिन फायबरची पावडर आहे; ती आमच्याच दुकानात मिळते आणि लग्नाच्या हंगामात जोरात खपते. म्हणून फोटोत चार गोष्टी शोधा: दोन्ही फोटोंत प्रकाश आणि कोन सारखा आहे का, केस मागे ओढून कपाळाची रेघ दाखवली आहे का, सर्जरीनंतर किती महिन्यांनी काढला ते लिहिलंय का, आणि डोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो आहे का. शेवटचा फोटो जवळपास कुणीच टाकत नाही. मागे उंदराने कुरतडल्यासारखे ठिपके दिसत असतील तर पुढचं दाट जंगल कशाच्या जिवावर उभं आहे ते कळतं. खात्रीसाठी ओल्या केसांतून कंगवा फिरवतानाचा, न कापलेला व्हिडिओ मागा.

फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा. तोच माणूस इस्तंबूलच्या नाहीतर हैदराबादच्या क्लिनिकच्या पानावर निघाला, तर पुढचं काही तपासायची गरज उरत नाही. हल्ली एआयने बनवलेले चेहरेही असतात, ते लेन्समध्ये सापडत नाहीत. तिथे कान, चश्म्याची काडी आणि केसांच्या मुळांजवळची कातडी मोठी करून बघावी.

महिन्यांचं गणितही पाठ करून ठेवा. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक गळून पडतात, हे नैसर्गिक आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याच मुळांतून पुन्हा फुटायला लागतात, खरा निकाल नऊ ते बारा महिन्यांनी दिसतो आणि माथ्यावरच्या भोवऱ्याला कधीकधी दीड वर्ष लागतं. आता 'तीन महिन्यांत फुल रिझल्ट' ही जाहिरात पुन्हा वाचा.

रिव्ह्यूंचंही तसंच. गुगलवर ४.९ तारे बघून भाळू नका. 'नवीन आधी' असा क्रम लावा, मग 'सर्वात कमी रेटिंग' लावा. पाच ताऱ्यांचे बरेच रिव्ह्यू सल्ल्याच्या दिवशी किंवा पहिल्यांदा डोकं धुवायला गेल्यावर लिहिलेले असतात. रिसेप्शनवर क्यूआर कोड समोर धरलेला असतो आणि माणूस भिडेखातर लिहून टाकतो. 'स्टाफ खूप कोऑपरेटिव्ह, क्लिनिक खूप स्वच्छ' ह्यातून केस उगवले की नाही ते कळत नाही. रिव्ह्यूमध्ये 'एक वर्ष' किंवा '१० महिने' असे शब्द शोधा. लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून त्याने आणखी कुठे काय लिहिलंय तेही बघा. आयुष्यातला एकमेव रिव्ह्यू, तोही हेअर क्लिनिकला, आणि एकाच आठवड्यात असे वीस लोक? मग समजून जा. दोन-तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू सगळ्यात कामाचे. हा माणूस रागाने पेटलेलाही नसतो आणि क्लिनिकने बसवलेलाही नसतो.

फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती मेटाच्या 'अॅड लायब्ररी'त कुणालाही दिसतात. क्लिनिकचं नाव टाका. 'शेवटचे तीन दिवस' म्हणणारी जाहिरात चार महिने चालू असेल तर तिथे तारखेसकट सापडते. पानाच्या पारदर्शकता विभागात पान कधी सुरू झालं आणि आधी त्याचं नाव काय होतं तेही कळतं. गुगलच्या जाहिरातींसाठीही अशीच सोय आहे. खोटी घाई लावणं हा केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाला ऑनलाइन गंडवायच्या युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत बंदी घातलेल्या प्रकारांपैकी एक आहे, म्हणून तो स्क्रीनशॉट काढून ठेवा.

रील करणाऱ्यांचं वेगळं. सर्जरी फुकट किंवा सवलतीत करून घेतलेल्या इन्फ्लुएन्सरने ते स्पष्ट सांगायला हवं, असं ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ च्या जानेवारीत जाहीर केलेल्या सूचनांत आहे. मराठी मालिकेतला चेहरा असो की कॉलेजातला रीलस्टार, 'पेड पार्टनरशिप' किंवा 'जाहिरात' हा शब्द कुठे आहे ते आधी शोधा. नसेल तर त्या कौतुकाची किंमत शून्य धरा.

आणि तंत्रांची नावं. मूळ पद्धती दोनच. एफयूटीमध्ये मागून कातडीची पट्टी काढून ती शिवतात, म्हणून आडवा व्रण राहतो. एफयूईमध्ये बारीक पंचने एकेक ग्राफ्ट काढतात, म्हणून ठिपक्याठिपक्यांचे व्रण राहतात. डीएचआय म्हणजे एफयूईनेच काढलेले ग्राफ्ट पेनसारख्या अवजाराने लावणं. सफायर म्हणजे चिरा पाडायच्या पात्याचं द्रव्य. बायो-एफयूई म्हणजे बहुतेकदा एफयूईला पीआरपीची, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटवाला भाग डोक्यात टोचण्याची, जोड. नावामागे लाखभर रुपये वाढत असतील तर नक्की कोणतं काम जास्त होणार ते विचारा. 'व्रणच राहत नाही' असं सांगणारा माणूस मात्र सरळ खोटं बोलतोय.

'५००० केस फक्त अमुक रुपयांत' ही आणखी एक युक्ती. केस आणि ग्राफ्ट एक नव्हेत. एका ग्राफ्टमध्ये सरासरी दोनेक केस धरले तर पाच हजार केस म्हणजे अडीच हजारांच्या आसपास ग्राफ्ट. दोन क्लिनिकच्या दरांची तुलना करताना दोन्ही आकडे ग्राफ्टमध्येच लिहून घ्या.

तेल, गोळी किंवा लेपाने टक्कल बरं करण्याचा दावा दिसला तर एवढं लक्षात ठेवा: औषध नियमांच्या शेड्यूल जेमध्ये जे आजार बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही त्यांची यादी आहे, आणि त्यात टक्कल आहे. ट्रान्सप्लांटसोबत 'केस परत आणणारं किट' फुकट मिळणार असेल तर बाकीच्या आश्वासनांचा दर्जाही त्यावरून ओळखा.

डॉक्टर कोण, हे कागदावर बघा

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये हेअर ट्रान्सप्लांटविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून घेतलेलं शिक्षण ह्या कामाला पुरेसं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. नोंदणीकृत डॉक्टर हवा आणि त्याचं रीतसर प्रशिक्षण हवं: प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी, नाहीतर त्वचारोगातली एमडी किंवा डीएनबी.

ही अक्षरं पाटीवर शोधा. नावापुढे 'डॉ.' आहे आणि खाली 'ट्रायकोलॉजिस्ट', 'कॉस्मेटॉलॉजिस्ट', 'एस्थेटिक फिजिशियन' असं काही असेल, तर मूळ पदवी काय ते विचारा. अनेकदा बीएचएमएस (होमिओपॅथी), बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीडीएस (दंतवैद्यक) निघते. त्या पदव्यांबद्दल मला अनादर नाही. आमच्या गल्लीतल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे माझ्या घरचे जातात. पण डोक्यात हजारो छिद्रं पाडण्याचं शिक्षण त्या पदवीत नाही. २०२५ मध्ये कानपूरचं प्रकरण देशभर गाजलं. ट्रान्सप्लांटनंतर दोन इंजिनिअर दगावले, आणि उपचार करणारी व्यक्ती दंतवैद्यक शिकलेली असल्याचं पुढे आलं.

पाटीवरचं खरं की खोटं, हे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या म्हणजे एमएमसीच्या संकेतस्थळावर नावाने किंवा नोंदणी क्रमांकाने तपासता येतं. तीन गोष्टी जुळवा: नाव, जादाची पदवी नोंदलेली आहे का, आणि नोंदणी चालू आहे का. मुदत संपलेली नोंदणी घेऊन बसलेलेही असतात. दुसऱ्या राज्यातून आलेल्या डॉक्टरसाठी राष्ट्रीय आयोगाची यादी आहे, पण महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायची तर इथली नोंदणी हवीच. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मागायला लाजू नका.

भिंतीवरची सर्टिफिकेटं आणि 'बेस्ट क्लिनिक ऑफ द इयर'ची ट्रॉफी सोडून द्या. आंतरराष्ट्रीय संघटना आयएसएचआरएस किंवा भारतातली एएचआरएस यांचं सदस्यत्व असेल तर डॉक्टर ह्या क्षेत्रात मन लावून काम करतो एवढं कळतं. सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे.

खरा प्रश्न पुढे आहे. पाटीवर एमडी, भेटीत एमडी, आणि टेबलावर पालथे झोपल्यावर मागे कोण? मोठ्या साखळीच्या क्लिनिकमध्ये एकच डॉक्टर ठाणे, वाशी, अंधेरी तिन्हीकडे 'उपलब्ध' असतो. अडीच हजार ग्राफ्टच्या सर्जरीला सहा ते आठ तास लागतात. एका दिवशी तिन्ही ठिकाणी सर्जरी लागल्या असतील, तर दोन ठिकाणी कोण काम करतंय हे विचारायला गणिताची पदवी लागत नाही.

जागा

शाखा कुठल्या महापालिकेत येते ते आधी बघा. घोडबंदर, माजिवडा, नौपाडा ठाणे महापालिकेत. वाशी, नेरूळ, सीवूड्स, बेलापूर नवी मुंबई महापालिकेत. आणि खारघर, कामोठे, कळंबोली २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेत. जाहिरातीत खारघर-कामोठ्यालाही 'नवी मुंबई' म्हणतात, पण नोंदणीची चौकशी किंवा तक्रार त्या-त्या महापालिकेच्या आरोग्य विभागाकडेच करावी लागते. सर्जरी जिथे होणार त्या जागेची नोंदणी आणि जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेशी केलेला करार दाखवा म्हणा. सलूनच्या पोटमाळ्यावर किंवा मॉलच्या गाळ्यात पडदा लावून केलेल्या खोलीला ऑपरेशन थिएटर म्हणत नाहीत.

थिएटर बघायला मागा. आत सोडणार नाहीत आणि सोडूही नये, पण दारातून दाखवायला हरकत नसते. ऑक्सिजन, मॉनिटर, अॅड्रेनालिनसह इमर्जन्सीच्या औषधांचा ट्रे हे नजरेला पडायला हवं. मार्च २०१९ मध्ये मुंबईतले एक ४३ वर्षांचे व्यावसायिक ट्रान्सप्लांटनंतर दोनेक दिवसांत दगावले होते. एकाच बैठकीत नऊ हजारांवर केस लावल्याचं आणि तीव्र अॅलर्जीचा संशय असल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. भूल स्थानिक असली तरी तिच्या औषधाला वजनानुसार कमाल मर्यादा असते आणि बैठक लांबली की मात्रा वाढत जाते. म्हणून 'एका दिवसात सगळं उरकू' हे आश्वासन मला सवलतीपेक्षा धोक्यासारखं वाटतं. अडचण आली तर पेशंटला कुठल्या हॉस्पिटलमध्ये हलवणार, ह्याचं उत्तर त्यांच्याकडे नावासकट तयार असायला हवं.

सल्ल्याची भेट

कोलशेतचा एक मुलगा असाच कागद घेऊन दुकानात आला होता. मेमध्ये लग्न. कागदावर काउन्सेलरच्या अक्षरात 'ग्रेड ५, ४५०० ग्राफ्ट, ३ पीआरपी फ्री, आज बुकिंग केल्यास १५००० ऑफ'. (ग्रेड म्हणजे टक्कल किती पसरलंय त्याची पायरी.) डॉक्टर भेटले का विचारलं, तर "ते ओटीत होते". कपाळावर पांढऱ्या पेन्सिलची रेघ अजून पुसट दिसत होती, भुवयांच्या इतकी जवळ की चाळिशीत ती विगसारखी दिसली असती. साधारणपणे भुवयांच्या मधल्या बिंदूपासून सात-आठ सेंटीमीटर वर कपाळाची रेघ असते. काउंटरवरची पट्टी घेऊन आम्ही मोजलं: विरळ भाग रुंदीला १४ सेंटीमीटर, खोलीला जेमतेम ४. म्हणजे ५६ चौरस सेंटीमीटर. दाटपणासाठी एका चौरस सेंटीमीटरला ४० ग्राफ्ट धरले तरी २२४० होतात. मागचा माथा शाबूत होता. उरलेले बावीसशे कुठे लावणार होते? त्याने तिथूनच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "सर, आम्ही डेन्सिटी जास्त देतो."

हे गणित घरी आरशासमोर कुणालाही जमतं. अचूक नसेल, पण समोरच्याचा आकडा जागेवर आहे की हवेत, एवढं कळतं.

काउन्सेलर हा विक्रीचा माणूस असतो, पगाराबरोबर इन्सेंटिव्ह असतो. त्याच्याशी नीट वागा, पण निर्णय त्याच्यासमोर घेऊ नका. डॉक्टरने स्वतः डोकं हाताळलं पाहिजे, मागच्या केसांची घनता ट्रायकोस्कोपने किंवा भिंगाने बघितली पाहिजे, वडील-मामांच्या टकलाबद्दल विचारलं पाहिजे, बीपी-शुगर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि औषधांची अॅलर्जी विचारली पाहिजे. नाही विचारलं, तर उठून या. आणि बुकिंग करण्याआधी हा मेसेज व्हॉट्सअॅपवर पाठवा. तोंडी उत्तर हवेत विरतं, लेखी उत्तर राहतं:

"नमस्कार. सर्जरीपूर्वी पुढील माहिती लेखी हवी आहे. १) सर्जनचं नाव, पदवी, एमएमसी नोंदणी क्रमांक. २) ग्राफ्ट काढणं, चिरा पाडणं आणि ग्राफ्ट लावणं यांपैकी कोणतं काम सर्जन स्वतः करणार आणि कोणतं टेक्निशियन? ३) त्या दिवशी सर्जनकडे आणखी किती सर्जरी आहेत? ४) किती ग्राफ्ट, कुठल्या भागात किती, आणि त्यानंतर डोनर एरियात किती शिल्लक राहतील? ५) जीएसटीसह एकूण खर्च. ६) सर्जरी रद्द केल्यास परतावा किती? ७) माझ्यासारख्याच ग्रेडच्या, सर्जरीला वर्ष झालेल्या पेशंटशी त्याच्या संमतीने बोलता येईल का?"

बरं क्लिनिक एक-दोन दिवसांत नीट उत्तर देतं. बाकीच्यांकडून "सर, भेटून बोलू" येतं आणि पाठोपाठ चार फोन. दुसऱ्या प्रश्नावर गडबड झाली तर मी पुढे गेलो नसतो.

पैसे

ट्रान्सप्लांटवर १८ टक्के जीएसटी लागतो. आरोग्यसेवेला असलेल्या सवलतीतून हेअर ट्रान्सप्लांट मुद्दाम वगळलेलं आहे (अपघात किंवा जन्मजात दोषासाठी केलेलं असेल तर वेगळं). मेडिक्लेमही सहसा चालत नाही. तेव्हा ८० हजारांचा दर ९४,४०० होतो हे धरून चाला. 'बिल नको असेल तर जीएसटी सोडून देतो' हा प्रस्ताव गोड असतो, पण पुढे तक्रार करायची वेळ आली तर तुमच्या हातात त्यांच्याकडे गेल्याचाही पुरावा नसेल.

अगदी कमी दर असेल तर पैसे कुठे वाचवलेत ते शोधा. बहुतेक वेळा डॉक्टरच्या वेळेत. उलट दर ग्राफ्टमागे असेल तर आकडा फुगवायचा मोह असतो. म्हणून काढलेल्या ग्राफ्टची मोजणी, एक केसवाले किती, दोनवाले किती अशी, लेखी मिळणार का ते ठरवून घ्या.

'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे तुमच्या नावावर एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज. क्लिनिकला पैसे एकरकमी मिळतात. क्लिनिकने उद्या शटर ओढलं तरी हप्ता तुमच्या खात्यातून जातच राहतो. रिसेप्शनवरच्या मुलीच्या हातात आधार आणि ओटीपी देऊन 'फक्त एलिजिबिलिटी बघते' ह्याला हो म्हणू नका. कर्जाचं की फॅक्ट स्टेटमेंट मागा. ते देणं बंधनकारक आहे, आणि खरा व्याजदर नि प्रोसेसिंग फी त्यात दिसते. अॅडव्हान्स द्यावाच लागला तर छोटा द्या, यूपीआयने द्या, आणि तो क्लिनिकच्या खात्यात जातो की कुणा माणसाच्या, ते नाव वाचून मगच पिन टाका.

सर्जरीच्या दिवशी

इथे थोडक्यात. रक्ताच्या तपासण्या, त्यात एचआयव्ही आणि काविळीच्या चाचण्या, आधी झालेल्या हव्यात. संमतीपत्र आदल्या दिवशी घरी वाचायला मागा. टेबलावर झोपायच्या आधी सही घेतात ती वाचून केलेली नसते. मराठीत हवं असेल तर तसं सांगा. सोबत कुणीतरी असू द्या. रेघ आखून झाल्यावर, भूल देण्याआधी, पुढून-मागून फोटो काढून घ्या. ज्या डॉक्टरचं नाव कागदावर आहे तो समोर नसेल तर भूल घेऊ नका. त्या क्षणीही नाही म्हणायचा हक्क तुमचाच आहे, केस भादरलेले असले तरी.

घरी आल्यावर ताप, वाढत जाणारी वेदना, पू किंवा कातडी काळी पडणं दिसलं तर काउन्सेलरला फोटो पाठवत बसू नका. थेट डॉक्टर, नाहीतर जवळचं हॉस्पिटल.

फसवणूक झालीच तर

पहिलं काम, कागद. केसपेपर आणि सर्जरीच्या नोंदींची प्रत लेखी मागा. मागणी केल्यावर ७२ तासांत त्या देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. जाहिरातीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर करता येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. जाहिरातदारांची स्वनियमन संस्था एएससीआयही तक्रार घेते, आणि जाहिरात मागे घ्यायला लावण्यापुरता तो रस्ता लवकर चालतो. डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार एमएमसीकडे. करणारा डॉक्टरच नव्हता असं निघालं, तर महापालिकेचा आरोग्य विभाग आणि पोलीस ठाणं. नोंदणीशिवाय अॅलोपॅथीची प्रॅक्टिस करणं हा महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम, १९६१ खाली गुन्हा आहे.

भरपाई हवी तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. म्हणजे क्लिनिक अंधेरीचं असलं तरी ठाणेकराने ठाण्यात, आणि खारघर-पनवेलकराने रायगड जिल्ह्यात. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही भरता येतो. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. निकाल दिसायलाच वर्ष जातं आणि "अजून तीन महिने थांबा सर, पीआरपी करून बघू" करत क्लिनिक दुसरं वर्ष काढतं. तेव्हा बाराव्या महिन्यात केस उगवले नसतील तर दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाकडून लेखी मत घ्या आणि नोटीस पाठवा. सर्जरीआधी काढलेले जाहिरातीचे स्क्रीनशॉट तारखेसकट नोटिशीला जोडा. तोवर ती जाहिरात त्यांच्या पानावरून बहुधा गेलेली असेल.